पुठ्ठ्याची नेव्हिया

"गाडी काढा! आधी तुमची गाडी काढा इथून!"

देशिंगकर काका आमच्या उंबऱ्यासमोर उभे राहून ओरडत होते. मी दुपारचा चहा गाळत होते, ती गाळणी हातात घेऊनच बाहेर आले.

"कुठली गाडी, काका?"

"कुठलीही! दोन्ही! माझं लोखंडी कपाट आलंय. बोळाच्या तोंडाशी हातगाडीवर उभं आहे. हमाल म्हणतात, आत गाड्या लावल्यात, आम्ही आत घालत नाही. उन्हात तापतंय तिथं माझं कपाट!"

काकांचं चुकत नव्हतं. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत खरोखरच दोन गाड्या उभ्या होत्या, नाकाला नाक लावून. फक्त त्या दोन्ही पुठ्ठ्याच्या होत्या.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. मी मूळची इचलकरंजीची, दिलेली कराडला, सोमवार पेठेत. आमचं घर बोळात सगळ्यात शेवटी, त्यापुढे भिंत. बोळाला मध्येच एक काटकोनातलं वळण, आणि नेमका त्या वळणावर देशिंगकर काकांचा दगडी ओटा पुढे आलेला. त्या ओट्यानं पेठेतल्या निम्म्या सायकलींची मडगार्डं वाकवली होती, पण काका तो तासून घ्यायला तयार नव्हते.

माझ्या सासूबाई, इंदुमती कोष्टी, रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाणाऱ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्याबरोबर चालताना मलाच धाप लागायची. मग त्या स्वयंपाकघरात घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, बाहेर पडा. सासूबाई घरात वॉकर घेऊन चालायच्या, खिडकीशी बसायच्या, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. रिक्षा आणू का म्हटलं की म्हणायच्या, "रिक्षा म्हणजे आधी वाकायचं, मग चढायचं, आणि तोवर सगळ्या पेठेनं कडेला उभं राहून 'जपून, जपून' म्हणायचं. नको बाई." असं करत दीड वर्ष गेलं.

म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. सीट उंच हवी, म्हणजे न वाकता बसता येईल. पण अंग आटोपशीर हवं, म्हणजे बोळात शिरेल. छोट्या एसयूव्ही म्हणतात तसली. अशा दोन गाड्या तेव्हा नव्यानं बाजारात आल्या होत्या, बुलवर आणि नेव्हिया. सासऱ्यांना बुलवर पसंत पडली, माझ्या नवऱ्याला नेव्हिया, आणि आमच्या घरातली शांतता संपली.

"बुलवर कशी उभी राहते बघ. पहिलवानासारखी."

"बाबा, आपल्याला तिच्याशी कुस्ती खेळायची नाहीये. नेव्हियाचा स्क्रीन बघा केवढा आहे!"

"स्क्रीन बघायचा तर घरात टीव्ही आहे."

जेवताना ताटात भाजीआधी ग्राउंड क्लिअरन्स वाढला जायचा. गंमत म्हणजे दोघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. घरात लायसन्स होतं ते माझ्याकडे. माझ्या वडिलांचा सुताची पोती वाहणारा टेम्पो होता, आणि कॉलेजात असताना तो कितीदा मी सूतगिरणीवर नेऊन आणला होता. पण दोघांचं भांडण इतकं रंगात यायचं की त्यांना तिसरं माणूस दिसत नसे. मी आपली पोळ्या वाढायची.

दोन्ही शोरूमचे सेल्समन एकदा बोळ बघून गेले. दोघंही वळणापर्यंत चालत आले, ओट्याकडे बघून थबकले, आणि दोघांनीही हात जोडले. "सर, टेस्ट ड्राइव्हची गाडी आत आणता येणार नाही. घासली तर आम्हाला घरी बसवतील."

"ते आणत नाहीत ना?" सासरे म्हणाले. "मग मी आणतो."

सासरे म्हणजे विश्वनाथ कोष्टी, शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवून निवृत्त झालेले. गॅदरिंगला पुठ्ठ्याचा अख्खा किल्ला रंगमंचावर उभा करून त्यावरून मावळे उतरवलेला माणूस. त्यांनी फ्रिजच्या दुकानातून मोठे खोके आणले, बुरुडाकडून बांबूचे कळक आणले, माहितीपत्रकातली मापं फळ्यावर लिहिली आणि बुलवर बांधायला घेतली. लांबी, रुंदी, उंची, सगळं हुबेहूब. दारं उघडायची, आरसे मिटायचे. राखाडी रंगाचा हात दिल्यावर तर लांबून बघणाऱ्याला शंकासुद्धा यायची नाही.

धनंजयच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पोटात दुखायला लागलं. "हा पक्षपात आहे, बाबा. आईनं ही एकटीच बघितली तर तिला हीच आवडणार. नेव्हियापण बनवा."

"प्रतिस्पर्धी कंपनीचं काम मी घेत नाही," सासरे म्हणाले.

मग धनंजयनं बँकेत रजा टाकली आणि स्वतःच नेव्हिया बांधली. आयुष्यात त्यानं पतंगसुद्धा बांधला नव्हता. आपल्या गाठींवर त्याचा भरवसा नसल्यामुळे एक गाठ पुरे तिथे त्यानं सात मारल्या, आणि उरलेली सुतळी वरून गुंडाळली. तयार झालेली नेव्हिया बाजारातून दोरखंड बांधून आणलेल्या म्हशीसारखी दिसत होती. डाव्या बाजूचं मागचं दार पहिल्याच दिवशी गळून पडलं. ड्रायव्हरच्या जागी तळाला पुठ्ठा पुरला नाही, तिथे सरळ रस्ता दिसायचा. स्टिअरिंग म्हणून पिठाच्या डब्याचं झाकण. मागची सीट म्हणून मात्र त्यानं घरातली हाताची लाकडी खुर्चीच खालच्या कळकांना आवळून टाकली होती, कारण आईच्या सीटची उंची अचूक हवी होती.

पेठ बघायला लोटली. दोन दिवसांत पेठेनं बुलवरचं 'बुलबुल' केलं आणि नेव्हियाचं 'नैवेद्य'. मागच्या गल्लीतल्या बांगड्यांच्या दुकानवाल्या नूरभाभी आत्तार दोन्हींत बसून आल्या आणि खिडकीतून सासूबाईंना म्हणाल्या, "बुलबुलची सीट बरी आहे, इंदूवैनी. पण हवा नैवेद्यला जास्त."

"हवा असणारच," सासरे मागून म्हणाले. "तिला दारच नाही."

कुणी बुलवरचं दार जरा जोरात लावलं की सासरे बाहेर धावायचे, "हळू! हळू लावा!" रोज सकाळी ते तिला कोरड्या फडक्यानं पुसायचे. धनंजयनं नेव्हियाला लिंबू-मिरची बांधली. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग चालला होता त्या सासूबाई काही केल्या बाहेर यायला तयार नव्हत्या.

"एकदा बसून तर बघ, इंदू. सीटचा अंदाज येईल."

"पुठ्ठ्याच्या खोक्यात बसायला मी काय फ्रिज आहे?"

अशा सगळ्या थाटात देशिंगकर काकांचं कपाट आलं.

आरडाओरडा ऐकून सासरे आणि धनंजय दोघंही बाहेर आले. नूरभाभींचे यजमान करीमभाई बोळात कशाला तरी आले होते, तेही थांबले.

"आधी नैवेद्य काढा," सासरे म्हणाले. "जी नंतर आली तिनं आधी जायचं."

"का म्हणून? बुलबुल रुंद आहे, तीच अडवतेय!"

"मला दोन्ही नकोत!" काका किंचाळले.

शेवटी तिघांनी मिळून बुलवर उचलली आणि आमच्या दारापुढच्या रिकाम्या जागेत, भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथे अशी चपखल बसली की सासऱ्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत? पार्किंग सुटलं!" पण तिथे एकच गाडी मावत होती. नेव्हियाला आता बोळाबाहेर, रस्त्यावर नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळे तिच्याकडे वळले आणि जागच्या जागी उभे राहिले.

नेव्हियात सासूबाई बसल्या होत्या.

आमचं सगळ्यांचं लक्ष बुलवरकडे असताना त्या वॉकर घेऊन उंबरा ओलांडून आल्या होत्या, आणि मागच्या खुर्चीत पाठ टेकून, पदर सारखा करून, समोर बघत बसल्या होत्या. वॉकर बाजूला भिंतीशी उभा.

मग सासरे हळूच पुढे गेले.

"इंदू," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, "चाळीस वर्षं संसार केलास माझ्याबरोबर. आणि बसलीस त्या कंपनीच्या गाडीत?"

"तुमच्या गाडीला दार आहे," सासूबाई म्हणाल्या. "उघडायचं, धरायचं, अंग चोरायचं. हिचं पडलंय. सरळ येऊन बसले."

धनंजयला हसावं की आईला मिठी मारावी ते कळत नव्हतं. "आई, पण आता उतर गं. गाडी बाहेर काढायचीय."

"आत्ता कुठं बसलेय. मला उठायला वेळ लागतो. माझ्यासकट सरकवा."

"तुझ्यासकट?"

"गाडी माणसं न्यायलाच असते ना?"

पुढच्या दोन टोकांना सासरे आणि धनंजय लागले, मागे करीमभाई. चौथ्या टोकाला माणूस नव्हतं. सगळ्यांनी देशिंगकर काकांकडे पाहिलं.

"मी? मी का?"

"कपाट तुमचं आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

काकांनी धोतराचा सोगा खोचला आणि कळकाला हात घातला. मी पुढे जाऊन पुठ्ठा सावरायला लागले, तर सासरे म्हणाले, "वैजयंती, तू स्टिअरिंगवर." मी तळ नसलेल्या जागेत शिरले. कमरेपासून वर मी गाडीत होते आणि कमरेपासून खाली रस्त्यावर. गाळणी कुठे ठेवावी कळेना, ती डॅशबोर्डवर ठेवली.

"उचला!"

आणि नेव्हिया उचलली गेली. धनंजयच्या त्या सात-सात गाठी करकरल्या, पण एकही सुटली नाही. सासूबाई अंगानं चिमणीएवढ्या, तरी खुर्चीसकट ओझं होतंच. चार पावलांत सगळ्यांचे चेहरे लाल झाले. तशातच वळण आलं आणि गाडीचं नाक काकांच्या ओट्याला जाऊन टेकलं.

"वर उचलून आडवी करा," करीमभाई म्हणाले. "ओट्यावरून जाईल."

"अजिबात नाही!" सासरे गरजले. "ती फसवणूक होईल. खऱ्या गाडीला कोण उचलणार आहे? वळण घ्यायचं तर नियमानं घ्यायचं. वैजयंती, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे!"

मी डब्याचं झाकण उजवीकडे फिरवलं.

"मागे घ्या सगळे. मागे, मागे... आता डावीकडे. पुढे!"

आम्ही मागे गेलो, पुढे आलो. पुन्हा नाक टेकलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. घामानं माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती, तरी मी प्रत्येक वेळी झाकण फिरवत होते; न फिरवून चालणार नाही असं मलाही तोवर वाटायला लागलं होतं. एकदा तर मी तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला, कारण समोरून मांजर आलं.

"माझ्या ओट्याला ओरखडा पडेल हो!" काका मागून म्हणाले.

"पुठ्ठ्यानं दगडाला ओरखडा?" करीमभाईंनी विचारलं.

"आणि बघ, धनंजय, बघ नीट," सासरे धापा टाकत म्हणत होते, "लांबी नडते. मी पहिल्यापासून सांगत होतो. हिच्या जागी बुलवर असती तर एका दमात..."

"अहो," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला ऊन लागतंय."

सासरे थांबले. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. पडलेल्या दाराच्या जागेतून उन्हाची तिरीप थेट तिच्या तोंडावर येत होती. त्यांनी कळक खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "उचला वर. मरू दे नियम."

चौघांनी मिळून गाडी खांद्यावर घेतली, ओट्यावरून अर्धी सरकवली आणि वळण पार केलं. मी खाली राहिले, गाडी माझ्या डोक्यावरून पुढे गेली, मग पळत जाऊन पुन्हा आत शिरले. पुढच्या मिनिटाला आम्ही रस्त्यावर होतो.

रस्ता मोकळा बघताच हातगाडीवाल्या हमालांनी वेळ घालवला नाही. कपाट घेऊन ते तीरासारखे बोळात शिरले, आणि मागोमाग वळणावरून दाणकन आवाज आला.

"माझं कपाट!" काका ओरडले.

"काका, सोडू नका! आई आहे आत!"

काकांनी सोडलं नाही. बोळातून हमालाचा आवाज आला, "अडकलं! ओट्याला अडकलं!" काकांनी डोळे मिटून घेतले.

आता आमची पंचाईत झाली. बोळात कपाट अडकलेलं, म्हणजे परत जाता येईना. रस्त्यावर गाडी ठेवावी तर एसटी, टमटम, साखर कारखान्याचे ट्रॅक्टर, सगळं अंगावर येत होतं. चौघंजण सासूबाईंना घेऊन नुसते उभे होते.

"मग तोवर घाटावर घ्या," सासूबाई म्हणाल्या. "उतारच आहे."

चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात वर करून आम्हाला थांबवलं. शिट्टी तोंडातच होती. तो गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्यापाशी आला.

"मॅडम, लायसन्स?"

"आहे की." पर्स घरी होती, पण लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये होता. मी तो दाखवला. त्यानं तो नीट वाचला.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"अजून ठरलं नाही."

त्यानं एकवार मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, एकवार लाल-जांभळे झालेल्या चार पुरुषांकडे. मग शिट्टी फुंकली, दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि आम्हाला जायला सांगितलं. सासूबाईंनी जाता जाता त्याला हात केला.

घाटापर्यंत पोचेतो मागे चाळीस-पन्नास माणसं जमली होती. दुकानांतून लोक बाहेर येत होते. कुणी भाजीची पिशवी घेऊन बरोबर चालत होतं, कुणी स्कूटर हळू करून खिडकीतून आत डोकावत होतं. मला मागे वळून बघता येत नव्हतं, फक्त मागून सासूबाईंचा आवाज कानावर येत होता. त्या कुणाशी तरी सतत बोलत होत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील.

घाटाच्या वरच्या अंगाला, झाडाखाली, आम्ही गाडी खाली टेकवली. टेकवताक्षणी टप वाऱ्यानं उडाला आणि नदीच्या दिशेनं गेला. चौघंही जिथे होते तिथेच बसले. देशिंगकर काकांना करीमभाई वारा घालत होते. मी गाडीतून बाहेर पडले आणि सासूबाईंना हात दिला. वॉकर तर आम्ही घरीच विसरलो होतो. त्या माझ्या खांद्यावर भार टाकून उठल्या, पडलेल्या दारातून बाहेर आल्या आणि पायऱ्यांच्या वरच्या कट्ट्यावर बसल्या. समोर कृष्णा-कोयनेचं पाणी. माणसं गाडीभोवती गोळा झाली होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आई, पाय फार दुखतोय का?" मी विचारलं.

"आता तूसुद्धा तेच विचार," त्या म्हणाल्या. रागावून नाही. "अगं, दीड वर्ष झालं. खिडकीशी बसले तरी बोळातून जाणारा प्रत्येक जण विचारतो, पाय कसा आहे? दूधवाला तेच. माहेरचा फोन आला तरी तेच. माझ्या हातची चकली कशी होती, भजनात मी काय म्हणायचे, कुणाला काही आठवतच नाही. इंदू म्हणजे तो पाय. बाहेर पडले असते तर चौकाचौकात तेच सांगत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, नकोच ते जाणं."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.

"आज किती माणसं भेटली गं! कितीतरी वर्षांनी दिसलेली माणसं. आणि एकानं पाय विचारला नाही." त्यांच्या खांद्यांना हसू फुटायला लागलं. "जो तो आत डोकावून एकच विचारत होता, ॲव्हरेज किती देते?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"चार माणसांना एक किलोमीटर."

आणि त्या अशा हसायला लागल्या की गाडीपाशी बसलेले सासरे दचकून उठले. त्यांना वाटलं रडतात. ते धावत आले, समोर येऊन उभे राहिले, आणि बायको हसतेय म्हटल्यावर काय करावं ते न कळून त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्याऐवजी स्वतःचेच डोळे पुसले.

अंधार पडायच्या आत आम्ही घरी आलो. रिक्षानं. सासूबाई वाकल्या, चढल्या, आणि कडेला उभी असलेली माणसं त्यांना नेव्हियाची किंमत विचारत होती. बोळात पोचलो तोवर कपाट सुटून काकांच्या घरात गेलं होतं.

नेव्हिया घाटावरच राहिली. तिथल्या भेळवाल्यानं ती मागून घेतली, चूल पेटवायला. धनंजयनं देताना सुतळी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याच्या गाठी त्यालाच सुटल्या नाहीत.

आता तरी गाडी ठरेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर सासरे म्हणाले, "नेव्हियाच घेऊ. इंदूला तिच्यातच बरं वाटलं."

"छे, बाबा," धनंजय म्हणाला. "वळणावर काय झालं बघितलंत ना? बुलवरच घ्यायची."

"पण त्या सीटची उंची!"

"पण ती लांबी!"

बाजू बदलल्या होत्या, भांडण तेच होतं. आवाज चढत गेले. सासूबाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"गाडी चालवणार कोण आहे?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की हा प्रश्न त्यांना खरोखरच आजवर पडला नव्हता.

"वैजू, तुला कुठली हवी?" सासूबाईंनी विचारलं.

"बुलवर," मी म्हटलं. "नेव्हियात क्लचला माझा पाय पुरत नाही. शोरूममध्ये बसून बघितलंय मी. चांगलं महिन्यापूर्वी."

"मग बोलली का नाहीस?" धनंजयनं विचारलं.

"तुम्ही नेव्हिया बांधत होतात."

बुलवर नोंदवली. पण तिला मागणी फार होती, पाऊस सरला तरी गाडी आली नाही. तोवर सासूबाई रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागल्या होत्या. आधी वॉकर घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत, मग काठी घेऊन चौकापर्यंत, मग नूरभाभींच्या सोबतीनं घाटापर्यंत. कुणी पाय विचारलाच तर त्या म्हणायच्या, "पाय आहे तिथं आहे. तुमचं काय चाललंय?"

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी खरी बुलवर मी शोरूममधून चालवत घेऊन आले. सासरे पुढे बसले होते, धनंजय मागे. बोळात शिरले आणि वळणावर थांबले. देशिंगकर काका ओट्यावर दोन्ही हात पसरून उभे होते, जणू ओटाच सरकून गाडीला आपटणार होता.

"उजवीकडे पूर्ण!" सासरे म्हणाले.

"डावीकडे, डावीकडे!" मागून धनंजय.

"माझा ओटा!" समोरून काका.

मला घाम फुटला. तेवढ्यात आमच्या दाराकडून सासूबाई आल्या. ठेवणीतली साडी नेसलेल्या, पायात चपला, हातात काठी. त्या बरोबर वळणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काठी उचलली.

"वैजू, त्या तिघांचं ऐकू नकोस. माझ्याकडे बघ."

काठी उजवीकडे गेली. मी स्टिअरिंग फिरवलं. "ये... ये... हळू ये... आता सरळ कर." त्या एकेक पाऊल मागे सरकत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत गाडी पुढे घेत होते. आरसा ओट्यापासून बोटभर अंतरावरून निघाला. काकांनी श्वास सोडल्याचं काचा बंद असूनही मला ऐकू आलं.

"बस!" सासूबाईंनी काठी खाली टेकवली. पुढे येऊन त्यांनी कनवटीची कुंकवाची पुडी सोडली, बॉनेटवर अंगठ्यानं कुंकू लावलं, आणि त्या ऊबदार पत्र्यावर क्षणभर तळहात ठेवला.

सासरे लगबगीनं उतरले आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं. "ये, इंदू. बस. घाटावर जाऊन येऊ."

"अहो, नूर थांबलीय माझ्यासाठी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही या मागून."

गाडी आणि ओटा यांच्यामधून जेमतेम फट उरली होती. देशिंगकर काकांनी वरून हात पुढे केला. सासूबाईंनी आधी काठी त्यांच्या हातात दिली, मग पदर आवळून त्या फटीतून पलीकडे गेल्या, काकांकडून काठी परत घेतली, आणि रस्त्याला लागल्या.